पाव्हण्यांची गळकी बोट

गेल्या रविवारी माझी बोट गळायची थांबली. तेव्हापासून मला धड झोप नाही.

कोल्हापुरात 'माझ्याकडं बोट आहे' म्हटलं की लोकांना थेट महापूर आठवतो. २०१९ नंतर तर गल्लीतल्या तिघांनी "पुढच्या टायमाला पहिली फेरी आमची" असं बुकिंगच करून ठेवलंय. पण ही तसली बोट नव्हे. ही माणसाच्या हातात दोरी देऊन त्याला पाण्यावरनं फरफटत न्यायची, म्हणजे वॉटर स्कीइंगची. हिचं इंजिन मागं टांगलेलं नसतं, पोटात मधोमध बसवलेलं असतं. त्यामुळं बूड जड होत नाही आणि मागची लाट बसकी राहते. आठ सिलिंडर, ५.७ लिटर, वंश अमेरिकन मोटारीचा, भूक हत्तीची. कोकणात गाशा गुंडाळलेल्या एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडनं घेतली तेव्हा खाऱ्या पाण्यानं इंजिनाचा धूर बाहेर नेणारं एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड आतनं खाल्लं होतं आणि तळातल्या लाकडी वाशांचा भुसा झाला होता. बायको म्हणाली, "एवढ्यात म्हैस आली असती." खरंय. म्हैस गळाली तरी दूध तरी गळतं.

मॅनिफोल्ड घेऊन उद्यमनगरात गेलो. फौंड्रीवाल्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं, त्याचे डोळे चमकले. "करू की. कोअर किचकट हाय, पण करू. किती नग?"

"दोन."

"दोन हजार?"

"दोन."

त्यानं ते अलगद माझ्या हातात परत ठेवलं आणि चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे काम होणार नाही, एवढं आता मला कळतं.

हा खेळ निघाला १९२२ साली. आपले शाहू महाराज गेले, तेच साल. तिकडं मिनेसोटात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं फळ्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली, पायाला बांधली आणि बोटीमागं उभा राहिला. त्याची आई काय बोलली असेल, ते माझ्या बायकोला नेमकं ठाऊक आहे.

तर रविवार. सासुरवाडी भोगावतीच्या काठी. बंधाऱ्याला बर्गे घातले की मागं लांबलचक संथ पाणी तुंबतं. परवानग्यांचं विचारू नका, तो वेगळा लेख होईल. शनिवारी रात्री बारापर्यंत बसून मी ग्लँडची दोरी बदलली होती. इंजिनापासनं पंख्याकडं जाणारा दांडा बोटीच्या बुडातनं बाहेर पडतो. त्या भोकाशी, पाणी अडवायला दोरी ठासलेलं, हे ग्लँड. जुनी दोरी आकड्यानं ओढून काढली, ग्रॅफाइटच्या नव्या दोरीच्या तीन कड्या तिरक्या कापल्या, सांधे एका रेषेत येणार नाहीत अशा फिरवून बसवल्या. मग नट आधी हातानं आणि शेवटी पान्यानं एवढासा. यातली गोम अशी की हे ग्लँड गळायलाच पाहिजे. दांडा फिरताना मिनिटाला पाच-दहा थेंब आत आले पाहिजेत, त्याच पाण्यानं दोरी आणि दांडा गार राहतो. आलेलं पाणी तळातला पंप बाहेर फेकतो.

बोट काठाला बांधून, गिअर टाकून मी थेंब मोजत होतो. तेवढ्यात डोक्यावर सावली पडली. तात्या. बायकोचे चुलत चुलते. पाणीपुरवठा संस्थेचा पंप तीस वर्षं सांभाळलेला माणूस.

"पाव्हणं, गळायलंय."

"गळायलाच पाहिजे, तात्या."

तात्यांनी बिडी तोंडातनं काढली. (बिडीचं आधीच सांगून झालं होतं. पोटात पेट्रोलची वाफ साठते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर लावून ती काढावी लागते, हे ऐकून ते एक पाऊल मागं सरले होते. बिडीसकट.)

"दोरी नवी न्हवं?"

"नवीच."

"कुणी घातली?"

"मीच."

"मग बराबर हाय."

मी नेट धरला. "तात्या, संस्थेचा पंप आठवा. त्याच्या ग्लँडातनं पाणी टिपकत नव्हतं?"

"टिपकायचंच की. न टिपकून चालतंय व्हय? दोरी जळंल."

"मग हे तसंच."

दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्या पोराकडं बघावं तसं तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं, पंपाचं पाणी भाईर पडतंय. ह्ये आत यायलंय." मग जमलेल्या चार-पाच जणांकडं वळून म्हणाले, "भाईर जातंय ती गळती. आत येतंय ते बुडणं."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. एकानं ॲव्हरेज विचारलं. तासाला वीसेक लिटर म्हटल्यावर सगळे मयताला आल्यागत गप्प झाले.

इंजिन बंद केलं, कारण सासूबाईंचा पोह्यांचा निरोप आला. जावयाला पोहे नाकारता येत नाहीत. वीस मिनिटांनी परत आलो तर तात्या काठावर बसलेले, शेजारी संस्थेचा अठरा इंची पाइप पाना. पाना मला दिसला होता. दिसूनही मी काही विचारलं नाही, ते माझं चुकलंच.

मेव्हणा चालवत होता. तिसऱ्या फेरीला जळकं वांगं वास मारतं तसा वास आला. इंजिनाचा डबा उघडला, ग्लँडच्या नटावर ओलं फडकं टेकवलं तर चर्र झालं. तळ कोरडा ठणठणीत.

काठावर तात्या उभेच होते. "आलं का पाणी आत?"

"नाही."

"थेंब न् थेंब बंद केलाय!"

लोकांनी तात्यांची पाठ थोपटली. मी हसलो. सासुरवाडीत दुसरं काय करणार? जेवताना तांबड्या रश्श्यातली नळी तात्यांच्या ताटात गेली, ती बोट दुरुस्त केल्याबद्दल. आपल्याकडं बॉनेट उघडं दिसलं की ती सार्वजनिक मालमत्ता होते. आपलाच हात काळा झालेला असतो, आपलीच रात्र गेलेली असते, पण विचारायचं म्हणून कुणी विचारत नाही. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर माझं पोट उघडं असेल, तर तात्या तिथंही एखादा टाका आवळून ठेवतील आणि डॉक्टरला नळी मिळणार नाही.

सोमवारी दांडा काढून टर्नरकडं नेला. बायको सोबत होती. त्यानं दांड्यावरनं नख फिरवलं. ते तीन ठिकाणी अडकलं.

"कुणी आवळलं ओ एवढं?"

बायको माझ्याकडं बघत होती.

"मीच," म्हटलं.

"ग्लँड जरा गळू द्यायचं असतंय, मालक," तो म्हणाला. "संस्थेच्या पंपावर बसणाऱ्या कुठल्याबी माणसाला इचारा."