ती घूस नव्हती, पण तुमचं एक म्हणणं खरं आहे

नमस्कार दादा,

अंगणातला मोल (इथला जमिनीखाली बोगदे खोदून राहणारा, गांडुळं खाणारा वीतभर प्राणी) हाताने कसा पकडला, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चार दिवस डोक्यात घोळते आहे. दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून ती मिटवणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमचा शिरोळकडे ऊस आहे. तुम्ही लिहिलंत, "ताई, ही घूस आहे, मुळं खाते. आम्ही बिळात औषध घातलेला भरडा टाकतो, सकाळी काम झालेलं असतं. तुम्ही तीन सकाळी फावडं घेऊन बसलात, आणि एवढं करून ती दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडलीत. ही दया नव्हे, आपली बला दुसऱ्याच्या गळ्यात घालणं झालं. तेही कशासाठी, तर गवतासाठी."

आधी गवताचं सांगते, कारण तेच जास्त लागलं. आमचं घर न्यू जर्सीत आहे. मागच्या दारापासून भाजीच्या वाफ्यापर्यंत तीसेक फूट हिरवळ आहे. आई उन्हाळ्यात आमच्याकडे येते, तेव्हा रोज सकाळी त्या वाटेने मेथी-कोथिंबिरीला पाणी घालायला जाते. तिचं वय 74, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिचा पाय मोलच्या बोगद्यामुळे वर फुगलेल्या मातीच्या रेघेवर पडला, वरची माती खचली आणि पाय मुरगळला. तीन आठवडे ती खुर्चीत बसून होती. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वाटेवर पुन्हा रेघा उठल्या, तेव्हा ती यायच्या आत काहीतरी करायचं असं मी ठरवलं. लेखात हे मी लिहिलंच नव्हतं. ते वाचून कुणालाही वाटावं की हिरवळीच्या शोभेसाठी सगळा खटाटोप केला. ती चूक माझी.

आता घुशीचं. दादा, रेघ बघून मलाही पहिल्या वर्षी घूसच वाटली होती. पण मोल उंदराच्या जातीचा नाही. घूस कुरतडते, तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. मोलचे दात बारीक आणि टोकदार असतात, किडे-गांडुळं धरण्यासाठी केलेले. आपल्याकडे त्याची भावकी शोधायची तर चिचुंद्रीत सापडेल. भारतात मोल आहे, पण तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे, दार्जिलिंग-सिक्कीम-आसामच्या बाजूला. महाराष्ट्रात नाहीच, म्हणून मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही आणि आपण सगळे त्याला घूस म्हणून मोकळे होतो. मुळं कुरतडलेली दिसतात ती बहुतेक वेळा व्होल नावाच्या इथल्या रानउंदराची करणी असते. तो मोलच्या आयत्या बोगद्यातून फिरतो आणि नाव मोलचं होतं.

म्हणून तुमचा भरडा इथे चालला नसता. घूस दाणा खाते. झिंक फॉस्फाईड तेलात खलून भरड्याला चोळलं की ती खाते आणि पोटात त्याचा वायू होऊन मरते. मोल दाण्याकडे वळत नाही. त्याला हवं असतं गांडूळ, आणि रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खाणं त्याला लागतं. म्हणून इथे दुकानात मोलसाठी जे विष मिळतं ते हुबेहूब गांडुळाच्या आकाराचं, मऊ, रबरासारखं असतं. त्यात ब्रोमेथॅलिन असतं. ते मेंदूवर जातं आणि त्याला उतारा नाही. आमच्या शेजारच्या घरी कुत्रा आहे, तो कुंपणाखालून उकरून आमच्याकडे येतो. माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता, मातीत सापडेल ते तोंडात घालायचा. ती डबी मी दुकानात हातात घेतली, मागचं सगळं वाचलं आणि परत फळीवर ठेवली. तुमच्या शेतात तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. उभा ऊस कुरतडून आडवा झाल्यावर काय वाटतं ते मी माहेरी बघितलं आहे. पण माझ्या अंगणात ते औषध नको, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

उरला होता सापळा. इथे भाल्यासारखे सुळे खाली घुसणारे आणि कात्रीसारखे मिटणारे असे दोन्ही मिळतात, नीट लावले तर लगेच मारतात. सगळ्यात जास्त लोक तेच वापरतात आणि त्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. बाकी उपाय लोक पुष्कळ सांगतात: च्युइंगम, लसूण, डांबराच्या गोळ्या, जमिनीत रोवायच्या थरथरणाऱ्या काठ्या. त्या काठ्या मी आणल्या होत्या. आठवड्याभरात एका काठीला अगदी खेटून नवी रेघ गेली.

"तीन सकाळी बसलात" असं तुम्ही म्हणालात, तर त्या तीन सकाळींत नेमकं काय केलं ते सांगते, कारण मूळ लेखात मी ते दोन वाक्यांत उरकलं होतं. संध्याकाळी सगळ्या रेघा पायाने दाबून सपाट केल्या आणि प्रत्येकीशेजारी आइस्क्रीमची काडी खोचली. सकाळी पाहिलं तर नऊपैकी दोनच रेघा पुन्हा उठल्या होत्या. म्हणजे बाकीच्या सात त्याने खाणं शोधताना एकदाच वापरून सोडलेल्या, आणि या दोन येण्याजाण्याच्या. एवढ्या रेघा पाहून आपल्याला वाटतं खाली दहा-बारा जण असतील. मोल एकटा राहतो, एका एकरात दोन-तीन असले तरी पुष्कळ झाले. आमच्या पाव एकरात सगळा उद्योग एकाचाच असणार.

मग साडेसहाला त्या रेघेपासून सहा-सात फुटांवर स्टूल टाकून बसायचं. आदल्या रात्री पाऊस पडलेला असला तर उत्तम, कारण ओलीबरोबर गांडुळं वर येतात आणि त्यांच्यामागे तोही. उन्हाने माती सुकली की तो खोल जातो आणि मग हाताने पकडणं विसरायचं. पाय हलवायचा नाही, जमिनीतून हादरा लगेच कळतो त्याला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी माती हलली, मी घाईने उठले, तो गेला.

तिसऱ्या दिवशी सात वाजून गेले होते. रेघेच्या टोकाशी गवताची पाती आधी थरथरली. मग माती वर आली, थांबली, पुन्हा वर आली. खालून कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. मी उठून, तो ढकलत होता त्याच्या हातभर मागे फावडं सरळ खाली रोवलं, म्हणजे मागचा रस्ता बंद. हे हातभर अंतर फार महत्त्वाचं आहे, जवळ रोवलं तर पातं अंगावर येतं. मग नवऱ्याने दुसरं फावडं बाजूने खाली घालून मातीचा गड्डा उलटा केला.

तो गवतावर पडला आणि मला आधी दिसले त्याचे हात. वीतभर प्राणी, त्यातही अर्ध्या बोटाएवढी शेपूट, आणि हात मात्र रुपयाच्या नाण्यासारखे रुंद, तळवे बाहेर वळलेले, पाण्यात हात मारावा तसे गवतात मारत होता. डोळे शोधून सापडत नाहीत, या जातीत ते कातडीखाली बंदच असतात. कानाला पाळी नाही. नाक गुलाबी, ओलं, सारखं डावीकडे-उजवीकडे. जाड चामड्याचे हातमोजे होते माझ्याकडे, ते घालूनच उचललं, कारण चावतो. तरी मनगटाला लोकर लागली. करडी, मखमलीसारखी. ती पुढे सारली तरी बसते, मागे सारली तरी बसते, म्हणून त्याला अरुंद बोगद्यात उलटं सरकता येतं. आणि त्या लोकरीच्या खाली छाती इतकी धडधडत होती की माझा हातच थरथरतोय असं मला वाटलं.

त्या नाकाबद्दल एक सांगायचा मोह होतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातले केनेथ कटानिया यांनी 2013 मध्ये याच जातीवर प्रयोग प्रसिद्ध केला. मोलची एक नाकपुडी बंद केली की तो गांडुळाच्या तुकड्यापासून एका बाजूला भरकटायचा. दोन्ही नाकपुड्यांना नळ्या लावून त्या एकमेकींत फिरवल्या, डावीकडचा वास उजवीत आणि उजवीकडचा डावीत, तेव्हा तो खाण्यासमोर पुढेमागे करत राहायचा. आपल्याला दोन कानांनी आवाजाची दिशा कळते, तशी त्याला दोन नाकपुड्यांनी वासाची कळते. हे मी नंतर वाचलं. त्या सकाळी वाचलेलं असतं तर बादलीत ठेवल्यावर तो भिंतीला नाक लावून काय शोधत होता, ते समजलं असतं.

आता तुमचा खरा मुद्दा. मी त्याला बादलीत, ओल्या मातीवर, मूठभर गांडुळं घालून गाडीतून पाच मैल नेलं आणि सार्वजनिक रानात सोडलं. लेखात लिहिलं, "मारलं नाही, जंगलात सुखरूप सोडून आलो." दादा, 'सुखरूप' हा शब्द लिहायचा मला काही अधिकार नव्हता. मोलचं सगळं जगणं त्याच्या बोगद्यांवर चालतं. ते खोदायला त्याला किती काळ लागलेला असतो, आणि फार वेळ खाणं मिळालं नाही तर तो दगावू शकतो. अनोळखी मातीत, बहुधा दुसऱ्या कुणा मोलच्या हद्दीत, उघड्यावर मी त्याला ठेवलं आणि तो जमिनीत घुसला एवढं पाहून घरी आले. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. शिवाय इथे बऱ्याच राज्यांत रानटी प्राणी पकडून दुसरीकडे सोडायला परवानगी लागते. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट याहून जड आहे. तो एप्रिल होता. मोलची वीण वर्षातून एकदाच, आणि पिल्लं मार्च ते मेमध्ये होतात, दोन ते पाच. नर की मादी हे वरून सहज ओळखू येत नाही. मी उचलला तो नर होता की खाली घरट्यात पिल्लं ठेवून गांडुळं शोधायला आलेली आई, हे मला कधीच कळणार नाही. आपल्या आईचा पाय वाचवायला निघालेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

आणि उपयोग? सप्टेंबरात पुन्हा रेघा. रिकामी झालेली जागा आणि तयार बोगदे दुसऱ्या मोलने घेतले. त्या बाबतीत तुमचा 'एवढं करून' शब्दशः खरा ठरला.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते. दुसरा मोलही हातानेच पकडला, पण ऑक्टोबरात, आणि गाडीत घातला नाही. आमच्याच जागेच्या मागच्या टोकाला, झुडपांखाली जिथे माती कायम ओली असते, तिथे हातभर खोल भोक पाडून त्यात सोडला. पकडल्यापासून सोडेपर्यंत दहा मिनिटंही गेली नसतील. पुढच्या दोन शनिवार-रविवारी आम्ही दोघांनी आईच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन फूट खोल चर खणून बारीक लोखंडी जाळी उभी पुरली, खालची कड बाहेरच्या बाजूला दुमडून. तीस फुटांच्या वाटेला हे जमतं, सगळ्या अंगणाला नाही जमणार. कंबर धरली, पण हिवाळा आणि हा वसंत गेला, वाटेवर एकही रेघ आलेली नाही. झुडपांखाली आहेत, भरपूर आहेत. तिथे मी त्यांना हात लावत नाही. हिरवळीवर कुठे आली तर पायाने दाबून पाणी मारते, कारण खालून मुळं मातीपासून सुटलेली असतात म्हणून गवत पिवळं पडतं. वेळेवर दाबलं तर पुन्हा धरतं.

एक मात्र सांगू द्या. जपानी भुंगा नावाची जी कीड आमच्या गुलाबांची चाळण करते, ती अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती आमच्याच राज्यात, रिव्हर्टनला, 1916 मध्ये. तिच्या अळ्या याच हिरवळीखाली वाढतात आणि मोल त्या खातो. त्याने कीड संपत नाही, पण खातो. उलट अळ्या मारायचं औषध टाकलं की मोल निघून जातो, असं इथले बरेच जण समजतात. गांडुळं असेपर्यंत तो कशाला जाईल?

मूळ लेखातलं 'सुखरूप सोडून आलो' हे वाक्य काल रात्री काढलं. त्या जागी गाडीतून नेऊ नका, आणि मार्च ते जून फावडं हातात घेऊ नका, असं लिहिलं आहे. जाळीचे फोटोही आज टाकते. चराची खोली मोजून दाखवते आहे, तुमच्याकडे भाजीच्या वाफ्याला घुशीसाठी असं काही कुणी केलं असेल तर जाळी किती जाडीची वापरली ते नक्की लिहा. आमची दोन ठिकाणी आत्ताच गंजायला लागली आहे.

तुमची,
ताई