आलेख निवडण्याचे ‘पाच सोपे नियम’: एकेकाचा प्रतिवाद

शिक्षकांच्या, स्पर्धा परीक्षांच्या आणि ऑफिसच्या गटांत एक चित्र पुन्हा पुन्हा फिरतं. त्यात पाच नियम दिलेत: टक्केवारी असेल तर वृत्तालेख (पाय चार्ट), अक्ष नेहमी शून्यापासून, फटी काढल्या की स्तंभालेखाचा आयतालेख (हिस्टोग्राम), आकडे लहानमोठे असतील तर दोन अक्ष, आणि गटांची तुलना म्हणजे सरासरीचे स्तंभ. पाठ करायला सोपे असल्यामुळे मुलं ते पाठ करतात आणि पुढे अहवालांतही तेच उतरतात. खालच्या उदाहरणांतले लोकसंख्येचे आकडे जनगणनेचे आहेत.

‘टक्केवारी आली की वृत्तालेख’

हे साफ चूक आहे. आकड्यापुढे टक्क्याचं चिन्ह असणं पुरेसं नाही. सगळे भाग मिळून एक पूर्ण व्हायला हवं, ही वृत्तालेखाची खरी अट. 2011 साली महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या पुरुषांची साक्षरता 88.38 टक्के होती, स्त्रियांची 75.87. हे दोन आकडे एक्सेलमध्ये निवडून पाय चार्ट काढा. एक्सेल काहीच हरकत घेत नाही. तो बेरीज 164.25 धरतो, पुरुषांना 193.7 अंशांची फाक देतो, आणि टक्क्यांची लेबलं मागितलीत तर 54 व 46 छापतो. हे दोन्ही आकडे कशाचेच नाहीत. शंभर स्त्रियांपैकी किती जणींना लिहिता-वाचता येतं, हा मूळ प्रश्न त्या वर्तुळात हरवून जातो. इथे 0 ते 100 च्या पट्टीवर दोन आडवे स्तंभ काढा, साडेबारा टक्क्यांची दरी लगेच दिसेल.

वृत्तालेख कुठे चालतो? त्याच वर्षी राज्यातले 45.22 टक्के लोक शहरी भागात आणि 54.78 टक्के ग्रामीण भागात होते. बेरीज शंभर, भाग दोनच, कोन 162.8 आणि 197.2 अंश. इथे वृत्तालेख शोभतो. भाग पाच-सहाच्या वर गेले की मात्र तो सोडा. एक टक्का म्हणजे 3.6 अंश, त्यामुळे 23 आणि 25 टक्क्यांच्या फाकांत जेमतेम 7.2 अंशांचा फरक पडतो. कोनमापकाला तो कळतो, नजरेला नाही. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 साली हेच प्रयोगांतून मांडलं: एकाच पट्टीवरच्या जागा माणूस जितक्या अचूक ताडतो, तितके कोन ताडत नाही. दोन वर्षांची तुलना असेल तर शेजारी शेजारी दोन वर्तुळं नकोत, शतमान स्तंभालेख काढा, म्हणजे प्रत्येक वर्षाचा शंभर टक्के उंचीचा, भागांत विभागलेला एक स्तंभ.

‘अक्ष नेहमी शून्यापासूनच’

हा नियम अर्धा बरोबर आहे. स्तंभालेखात आपण लांबी वाचतो, म्हणून तिथे शून्य हवंच. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 2001 मध्ये 922 होत्या, 2011 मध्ये 929. अक्ष 920 पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या साडेचारपट उंच दिसतो, आणि खरी वाढ एक टक्कासुद्धा नाही.

रेषालेखात आपण जागा आणि चढउतार वाचतो, तिथे मात्र हाच हट्ट नुकसान करतो. 1961 पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत हे गुणोत्तर असं गेलं: 936, 930, 937, 934, 922, 929. दहा सेंटिमीटर उंचीत 0 ते 1000 बसवलं तर पन्नास वर्षांचा सगळा चढउतार दीड मिलिमीटरात मावतो आणि रेष सपाट वाटते. अक्ष 915 ते 940 ठेवा. 1991 नंतरची बारा अंकांची घसरण पावणेपाच सेंटिमीटर खाली उतरते आणि लपत नाही. ती दिसायलाच हवी. अक्षसंकोचाचं चिन्ह (अक्ष शून्यापासून नाही हे सांगणारी नागमोडी खूण) काढा, सुरुवातीचा आकडा ठळक लिहा.

‘फटी काढल्या की आयतालेख’

नुसत्या फटी काढून भागत नाही. आयतालेखात संख्या वाचायची ती क्षेत्रफळातून. वर्ग (आकड्यांचे टप्पे) समान रुंदीचे असतील तर नुसती उंची चालून जाते, म्हणून ही चूक शाळेत पकडली जात नाही. विजेच्या बिलात टप्पे असतात 0–100, 101–300, 301–500 आणि 500 च्या वर. समजा एका सोसायटीतली 100 घरं यांत अनुक्रमे 30, 40, 20 आणि 10 अशी पडली. तेवढ्याच उंचीचे चिकटलेले स्तंभ काढले तर दुसरा टप्पा सर्वांत दाट वाटतो. पण तो दुप्पट रुंद आहे. दर 100 युनिटांमागे घरं मोजा: 30, 20, 10. चौथा टप्पा उघडा आहे, त्याला वरची हद्द ठरवावी लागेल. ती 1000 धरली तर तिथे 2 येतात. सर्वांत दाट गर्दी पहिल्याच टप्प्यात आहे.

एक्सेलचा कॉलम चार्ट टप्प्यांची नावं नुसती मजकूर म्हणून घेतो आणि सगळे स्तंभ एकाच रुंदीचे काढतो. त्याचा हिस्टोग्रामही समान रुंदीचेच वर्ग करतो. म्हणून घरागणिक युनिट मिळत असतील तर 50-50 चे समान वर्ग पाडा. फक्त टप्पे मिळाले असतील तर 100 आणि 101 मधली फट बुजवून वर्ग आधी सलग करा (100.5, 300.5, 500.5), मग आलेख कागदावर रुंदी आणि घनता (दर 100 युनिटांमागची घरं) मोजून आयत काढा.

‘आकडे लहानमोठे असतील तर दोन अक्ष’

1991 ते 2011 मध्ये महाराष्ट्र 7.89 कोटींवरून 11.24 कोटींवर गेला, गोवा 11.70 लाखांवरून 14.59 लाखांवर. डावा अक्ष 7 ते 12 कोटी, उजवा 11 ते 15 लाख ठेवा. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात, शेवटी गोव्याची किंचित वरच. अक्षांची टोकं हलवली की हवा तो निष्कर्ष निघतो. त्याऐवजी 1991 ला दोघांना 100 धरा: 2011 मध्ये महाराष्ट्र 142.4, गोवा 124.7. एकच अक्ष पुरतो.

‘सरासरीचे स्तंभ पुरेत’

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अॅन्स्कोम यांनी 1973 साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत क्षची सरासरी 9, यची 7.5, आणि बिंदूंशी सर्वांत जुळणारी सरळ रेषाही जवळपास तीच. बिंदू कागदावर मांडले की मात्र एकात विखुरलेली रेष, एकात वक्र, एकात सरळ रेषेबाहेर पडलेला एकच बिंदू, आणि चौथ्यात एक सोडून सगळे एकाच उभ्या ओळीत. गटात वीस-तीस नोंदी असतील तर प्रत्येकीचा ठिपका द्या. जास्त असतील तर बॉक्स प्लॉट (मधल्या निम्म्या नोंदी पेटीत दाखवणारा आलेख) काढा आणि प्रत्येक पेटीखाली नोंदींची संख्या लिहा, कारण दहा नोंदींची पेटी आणि पाचशे नोंदींची पेटी दिसायला सारखीच असते.