लाइफ कोच व्हायचंय? मग थांबलात कशाला?

लाइफ कोच व्हायला परीक्षा नाही, परवाना नाही आणि स्वतःचं आयुष्य धड असण्याची तर मुळीच अट नाही. आज रात्री बायो बदला, सकाळी तुम्ही कोच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालासुद्धा ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं म्हणे. पण सक्ती थोडीच आहे? तेवढ्या वेळात रील्स किती होतील!

फोटो हाताची घडी घालून.

‘हजारो आयुष्यं बदलली’ हे लिहाच. कोणाची, ते कोणी विचारत नाही.

‘२१ दिवसांत सवय बदला’ असा कोर्स काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय लागायला किती दिवस जातात ते तपासलं; सरासरी ६६ निघाली, कोणाला १८, तर कोणाला थेट २५४ दिवसांचा अंदाज. पण २५४ दिवसांचा कोर्स विकत कोण घेणार?

खरी कला मोफत वेबिनारमध्ये. परवा मैत्रिणीच्या शेजारी बसून एक पाहिला. ‘फक्त ३ जागा शिल्लक’, खाली उलटं घड्याळ. पान रिफ्रेश केलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, जागा पुन्हा ३! वेबिनार ‘लाइव्ह’ बरं का. तिने चॅटमध्ये लिहिलं, ‘आवाज येत नाहीये’. सर हसून म्हणाले, ‘वा, काय ही एनर्जी!’ मग ‘डिस्कव्हरी कॉल’, म्हणजे कोर्स गळ्यात मारायचा फोन. ती म्हणाली, नोकरी गेलीय, फी झेपणार नाही. उत्तर आलं, ‘हाच तुमचा स्केअर्सिटी माइंडसेट, टंचाईची मानसिकता! क्रेडिट कार्ड आहे ना?’ ती गप्प. तरी पुढे चालूच. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत हे तिच्या तोंडून निघालं, तर म्हणे, ‘त्या कुबड्या आहेत, आधी त्या फेका.’

कुबड्या? अहो, तुम्ही डॉक्टर आहात का? असल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर माणसाला किती त्रास होतो, हे ठाऊक तरी आहे का? जिच्या घरात पगार येत नाही तिला कर्ज काढायला लावता आणि वर तिचेच विचार दरिद्री? निर्लज्जपणाला काही सीमा! दुसऱ्याच्या अडचणीवर पोट भरायचं आणि त्याला ‘सेवा’ म्हणायचं. लोकांना फसवणं बंद करा. आणि तिला रोज फोन करताय ना, तोही.