सराफाच्या पाटीवरचे आठ-अठरा आणि लिंकन

अमेरिकेतील जुन्या बाजारपेठांत सराफांच्या दारावर टांगलेल्या, खिशातल्या घड्याळाच्या आकाराच्या मोठ्या पाट्यांची छायाचित्रे पुष्कळदा पुढे पाठवली जातात. सोबतच्या मजकुरात सांगितलेले असते की, या घड्याळांत आठ वाजून अठरा मिनिटे दिसतात, कारण अब्राहम लिंकन यांना त्या क्षणी गोळी लागली (कोठे ‘त्या क्षणी त्यांचे निधन झाले’ असे असते), आणि सराफांनी त्यांच्या स्मरणार्थ काटे तेथेच थांबवले.

पहिली गोष्ट वेळेची. वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती रात्री सव्वादहाच्या सुमारास, आणि समोरच्या घरात त्यांनी प्राण सोडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी. हे दाखवून दिले की ती नाट्यगृहाकडे निघण्याची वेळ होती, असे सांगितले जाते. पण ज्यांच्या हत्येने देश हादरला, त्यांच्या स्मृतीसाठी कोणी बग्गीत बसण्याची वेळ निवडील, हे पटत नाही.

दुसरे म्हणजे, हे काटे कोणी थांबवलेच नाहीत. लाकडाच्या किंवा जस्ताच्या पाटीवर ते रंगवलेलेच होते. रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाच्या खांबावर जे खरे घड्याळ सराफ उभारीत, ते चालणे भागच होते. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वेंनी प्रमाणवेळ स्वीकारली, त्याआधी गावोगावची वेळ निराळी असे, आणि घड्याळदुरुस्तीही करणाऱ्या सराफाच्या दुकानातील लंबकाच्या घड्याळावरून लोक आपापली घड्याळे लावून घेत. पुढेही ही प्रथा टिकली: न्यूयॉर्कमध्ये बार्थमन यांनी १८९९ मध्ये मेडन लेनच्या कोपऱ्यावर पदपथातच घड्याळ बसवले, तर सॅन डिएगोत जेसप यांच्या पेढीपुढे १९०७ मध्ये २२ फूट उंचीचे, २० तबकड्यांचे घड्याळ उभे राहिले. असे घड्याळ बंद पडले, तर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत पेढीचीच पत जाई.

मग आठ-अठराच का? कागदावर तबकडी काढून पाहावी. तासकाटा आठच्या पुढे सरकत असताना, साधारण साडेअठराव्या मिनिटाला दोन्ही काटे सहाच्या आकड्यापासून डावी-उजवीकडे सारख्याच अंतरावर येतात. म्हणजे उभ्या रेषेवर घडी घातली तर एकावर एक बसतील. वरच्या भागात नाव आणि खाली ‘घड्याळे व दागिने’ असे लिहायला मोकळी जागा उरते. रंगाऱ्याला एवढे कारण पुरेसे होते. मला सर्वांत निर्णायक वाटते ते मात्र पुढचेच: ७ वाजून २२ मिनिटांनाही काटे जवळजवळ असेच समतोल असतात, घडी अचूक जुळायला जेमतेम एक मिनिट कमी पडते. मृत्यूची खरी वेळ रंगवायची असती, तर पाटीची शोभा न बिघडवता ती रंगवता आली असती.

जाहिरातींतील दहा वाजून दहा मिनिटांवरही आपल्याकडे कोणाच्या तरी मृत्यूची हकीकत चिकटवली जाते. तेथेही हिशोब हाच आहे: दहा वाजून सव्वानऊ मिनिटांच्या आसपास काटे तसेच सारखे उघडतात, फक्त वरच्या बाजूला, आणि बाराच्या खाली छापलेले कंपनीचे नाव मधोमध मोकळे राहते.