निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं?

विज्ञानाची प्रयोगवही म्हटली की उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे ओघाने आलंच. आता एका वर्गातल्या सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून फक्त 'निरीक्षण' वाचा. काना-मात्रेसकट सारखं! कारण ते फळ्यावरून उतरवलेलं असतं, आणि पुष्कळदा प्रयोग व्हायच्या आधीच. प्रयोग झालाच नाही तरी कुणाचं काही अडत नाही, वही पूर्ण असली की झालं.

सध्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'विज्ञानाची प्रक्रिया कौशल्यं' हा शब्द फार ऐकू येतो. निरीक्षण, वर्गीकरण, मापन, अनुमान, भाकीत, आणि जे सापडलं ते दुसऱ्याला नीट सांगता येणं. यादी चांगलीच आहे. 1960च्या दशकात अमेरिकेत प्राथमिक शाळांसाठी जो प्रयोग-केंद्री अभ्यासक्रम झाला, तिथून ती जगभर गेली. पण आपली परंपरा बघता उद्या 'प्रक्रिया कौशल्ये म्हणजे काय? कोणतीही तीन लिहा' असा प्रश्न येणार आणि पोरं ती घोकणार, याची मला खात्री आहे. म्हणून माझा आग्रह एवढाच की सहाच्या सहा एकदम नकोत. डोळ्यांना दिसलं ते वेगळं आणि त्यावरून आपल्याला वाटलं ते वेगळं, हे आधी पक्कं करा.

मेणबत्तीचा प्रयोग आठवतोय? ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. निष्कर्ष आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो साधारण एक पंचमांश असतो, तेवढंच पाणी चढलं. ऐकायला किती छान!

सातवीच्या वर्गात हा प्रयोग करताना मी मुलांना सांगते, निष्कर्षाचं नावही काढायचं नाही, नुसतं बघा आणि क्रमाने लिहा. एकाने लगेच लिहिलं, 'ऑक्सिजन संपला.' म्हटलं, दिसला का रे तुला? "नाही बाई, पण क्लासमध्ये तसंच सांगितलंय." शेजारच्या मुलीने लिहिलं होतं, 'ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे आले. मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी फारसं हललं नाही. विझल्यावर भरभर चढलं.' तिला ऑक्सिजनबद्दल शेजारच्यापेक्षा जास्त माहिती होती असं मुळीच नाही. पण तिच्या तीन ओळींनी ते पाठांतर उघडं पाडलं. ऑक्सिजन संपत जाण्यामुळे पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं ना?

मग भाकिताची पाळी. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. बहुतेकांचं मत पडलं, पाणी तेवढंच चढेल. प्रत्यक्षात चांगलंच जास्त चढतं. ज्योतींनी हवा तापते, फुगते, काही बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. मुख्य कारभार हा आहे. शिवाय बंद ग्लासातली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते, म्हणजे 'एक पंचमांश'चा हिशेब मुळातच लंगडा.

मापनाचंही तेच. फेब्रुवारीत मैदानात काठी रोवून सावली मोजायला लावा. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर, हे मुलं घरूनच घेऊन आलेली असतात. पुण्या-मुंबईकडे त्या दिवसांत सावली सगळ्यात आखूड होते ती पावणेएकच्या पुढे, कारण आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आणि आपण राहतो बरेच पश्चिमेला. त्यात फेब्रुवारीत सूर्य घड्याळापेक्षा आणखी थोडा मागे असतो. आणि त्या महिन्यात तो दुपारीही बरोब्बर डोक्यावर नसतोच. तरी काही वह्यांत सगळ्यात आखूड सावली बाराच्या ठोक्याला! मोजलेली लांबी खोडून बाराच्या आकड्याला जुळवून घेतलेली. खाडाखोड दिसते हो. आपलं मोजमाप खोटं आणि ऐकीव ते खरं, हे त्या पोराला कुणी शिकवलं? आपणच. रीडिंग वेगळं आलं की आपण म्हणतो, "चुकलंय, शेजारचं बघून लिही."

यावर स्टाफरूममधलं उत्तर ठरलेलं: वर्गात साठ मुलं, पोर्शन संपत नाही, प्रयोगशाळेला कुलूप. पहिली दोन कारणं मला मान्य. तिसरं अजिबात नाही. ताटली, मेणबत्ती आणि काठीला कसली प्रयोगशाळा लागते?

आणि हे सरकारी शाळांत होऊ शकत नाही असंही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सहावी ते आठवीच्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सगळ्या खेड्यापाड्यांतल्या साध्या शाळा. पुढे तो कार्यक्रम शेकडो शाळांत गेला आणि 2002 साली सरकारने बंद केला. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती परीक्षा. लेखी पेपरला पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती आणि प्रात्यक्षिक खरोखरच करावं लागे. पुस्तक समोर असताना पाठांतर विचारण्यात अर्थच उरत नाही.

आपल्याकडे गुण मिळतात अपेक्षित आकड्याला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातही बक्षीस नेतो तो थर्माकोलचा ज्वालामुखी, पालकांनी रात्री जागून केलेला. (रंगकाम मात्र सुरेख असतं, कबूल.) शेजारच्या टेबलावर एखाद्याने घरामागच्या मुंग्यांची रोज नोंद ठेवलेली असते, पण त्या वहीची पानं कुणी उलटतही नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांतले निम्मे गुण फक्त निरीक्षणाला द्या, आणि तेही स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल तरच. पुस्तकापेक्षा वेगळं रीडिंग आलं आणि ते का आलं असावं याचा मुलाने एका ओळीत विचार केला असेल, तर पूर्ण गुण. फळ्यावर निरीक्षण लिहून देणं शिक्षकांनी बंद करायचं. पहिले काही महिने वह्या भयंकर दिसतील आणि तपासायला दुप्पट वेळ लागेल. पालक विचारायलाही येतील, "बाई, याची वही शेजारच्यासारखी का नाही?"