जुनापाणीच्या रविवाराबद्दल: ‘एक शिक्षक’ यांना उत्तर

आमच्या शाळेतल्या कर्मचाऱ्यांनी डिसेंबरात मिळून नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं (गोल मांडलेले प्राचीन दगड) बघितली, त्याबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘एक शिक्षक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देते.

“मॅडम, टप्पा अनुदान (टप्प्याटप्प्यानं मिळणारं सरकारी अनुदान), रिक्त पदं, बीएलओची (मतदारयाद्यांच्या बूथ अधिकाऱ्याची) कामं, रोजची ऑनलाइन माहिती, यांत शिक्षक पिचलेला आहे. त्याला रविवारी बसमध्ये कोंबून दगड दाखवायला नेणं म्हणजे मानसिक स्वास्थ्य नाही. ही कंपन्यांकडून आलेली टूम आहे. मुख्याध्यापकांच्या निरोपाला नाही म्हणायची सोय कुणालाच नसते. तुमच्या फोटोसाठी लोकांचा एकुलता एक रविवार गेला, एवढंच.”

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर होते, शिवाय राग शांत व्हायची वाट बघत होते. तो अजून पुरता शांत झालेला नाही.

आधी एक गोष्ट मान्य करते. लेखाच्या वर जो फोटो होता त्यात मी मधोमध उभी होते आणि स्वयंपाक करणाऱ्या तिघी मावशी अगदी कडेला, अर्ध्या कापल्या गेलेल्या. हे चुकलं. तो फोटो मी हटवला आहे आणि मावशी दोरी धरून उभ्या आहेत तो लावला आहे.

पण ‘तुमच्या फोटोसाठी’ हे मी ऐकून घेणार नाही. आपण त्या दिवशी तिथे नव्हता, म्हणून काय झालं ते सांगते.

जुनापाणी आपल्या काटोल रस्त्याला आहे. नागपुरात जन्म काढलेल्या आमच्या पंचवीस जणांपैकी फक्त तिघांनी ते पाहिलं होतं. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपली माणसं पुरून भोवती काळे दगड गोल मांडलेले. काही दगडांवर वाटीएवढ्या खळग्या कोरलेल्या आहेत. विदर्भातल्या अशा वर्तुळांच्या उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी, चाकू, घोड्याच्या साजाचे तुकडे मिळाले आहेत. नाईकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. आम्ही सहावीच्या मुलांना लोहयुग शिकवतो आणि ते शहराच्या वेशीवर पडलेलं आहे, याची मला स्वतःला लाज वाटली होती. जायचं ठरलं ते त्यातून.

मी अट एकच घातली होती, तिथे कुणी व्याख्यान द्यायचं नाही. चार-चार, पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटात एक तरी शिक्षकेतर माणूस ठेवला. प्रत्येक गटानं एक वर्तुळ निवडायचं, मोजायचं, त्याचं चित्र काढायचं आणि त्याबद्दल तीन प्रश्न लिहायचे. उत्तरं कुणी मागितली नव्हती.

आमचे गणिताचे सर पंचवीस वर्षं वर्तुळ शिकवताहेत. दोरी घेऊन परीघ मोजायला गेले आणि अडले. दगड ओबडधोबड, मग आतल्या कडेनं मोजायचं की बाहेरच्या? आणि केंद्र कुठे धरायचं? दहा मिनिटं खटपट करून सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मला हे जमत नाहीये.” आमचे शिपाई काका शेतकऱ्याच्या घरातले. ते म्हणाले, “सर, खळं करताना मेढ रोवतात ना, तसं करा. आधी मंधात खुटी, मंग दोरी फिरवा.” त्यांनी खुंटी ठोकली, दोरी ताणली, दोन फेऱ्या मारल्या आणि कुठला दगड आत सरकला आहे, कुठला बाहेर, हे सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी मळणीसाठी खळं कसं करतात ते पहिल्यापासून सांगितलं. जमीन चोपायची, शेणानं सारवायची, मधे मेढ, तिच्याभोवती बैलांची पात. सर वहीत लिहून घेत होते. ज्या माणसाला आम्ही बावीस वर्षं घंटा द्यायला आणि चहा सांगायला हाक मारतो, त्याच्याकडून.

परत येताना खिचडी करणाऱ्या एक मावशी बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या. “मॅडम, शाळेत मले आजपर्यंत कोणी काही इचारलं नाही. आज माह्या गटानं माहा प्रश्न पयला लिहिला.” तो प्रश्न असा होता: एवढे जड दगड उचलून आणणाऱ्या माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं? इतिहासाच्या बाईंनी तो दुसऱ्याच दिवशी सहावीच्या फळ्यावर लिहिला.

यातलं काहीही फोटोत येत नाही. म्हणूनच ‘फोटोसाठी’ हा शब्द मला इतका लागला.

आता मी हे का करते, तेही सांगते, कारण तुम्ही माझ्या हेतूवर बोट ठेवलं आहे. १९९८ ते २००४ मी एका विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकवलं. अनुदान येईल, येईल, असं ऐकत सहा वर्षं काढली. पहाटे नागपूरच्या महाल भागात दोन घरी शिकवण्या घ्यायच्या, मग सायकलनं शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. पिचलेला शिक्षक कसा असतो हे मला नाव न लिहिणाऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही.

त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही बारा जण होतो. ज्याचं त्याचं कपाट, ज्याचं त्याचं कुलूप, ज्याचा त्याचा डबा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाई दर तिसऱ्या सोमवारी रजेवर असायच्या. त्यांच्या तासाची चिठ्ठी आली की आम्ही कुरकुरायचो, ‘यांना बरं सोमवारी जमतं’ म्हणायचो. मीही म्हटलं आहे. त्यांची किमोथेरपी चालू होती, हे आम्हाला त्या गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी, त्यांच्या मुलीकडून कळलं. चार हातांवर बसणाऱ्या माणसाला सांगावंसं वाटलं नाही, अशी आमची स्टाफरूम होती. तेव्हा पगार वेळेवर झाला असता तर त्या बाईंनी आम्हाला सांगितलं असतं का? मला नाही वाटत. ते सांगण्यासाठी आधी माणसाला दुसऱ्यासमोर ‘मला जमत नाहीये’ म्हणता यावं लागतं.

मुख्याध्यापिका झाल्यावर चार वर्षं मी शिक्षकांना विनवत होते, एकमेकांच्या तासाला मागे बसा, एकमेकांचं शिकवणं बघा. एकही जण बसला नाही. त्यांचाही दोष नव्हता. मागच्या बाकावर कुणी येऊन बसलं म्हणजे वर्गनिरीक्षण, टाचणवही दाखवा, लॉगबुकात शेरा, हेच आपण सगळे भोगत आलो आहोत. जुनापाणीनंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या इंग्रजीच्या बाई गणिताच्या सरांना म्हणाल्या, “आठवी ब मला आवरत नाही. तुम्ही एक दिवस मागे बसाल?” सर बसले. नंतर त्यांनी त्यांच्या तासाला बाईंना बोलावलं. हे मी घडवलेलं नाही, मला तर आठ दिवसांनी कळलं. पण सरांना दोरीपाशी अडलेलं बघितलं नसतं तर बाईंनी त्यांना विचारलं असतं असं मला वाटत नाही.

प्रशिक्षणं आपण दोघांनीही केली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यायचे आहेत. ते तास मोबाईलवर एकट्यानं व्हिडिओ पुढे ढकलत भरणारे लोक मला माहीत आहेत. मी काही तास मोकळ्या रानात सगळ्यांबरोबर भरले, तर त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. टप्पा अनुदान आणि रिक्त पदं यांबद्दल आपण लिहिलं ते खरं आहे, पण माझा लेख त्यावर नव्हता. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं म्हणतं, आणि बीएलओचं काम त्या निवडणुकीच्या वाटेनंच येतं. त्याविरुद्ध दिलेल्या निवेदनांवर माझी सही आहे. निरोपाला नाही म्हणायची सोय नसते म्हणता, तर पंचवीसपैकी दोघं आले नाहीत. त्यांना मी एका शब्दानं विचारलेलं नाही.

कंपन्यांची टूम म्हणालात, त्यावर राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हातानं काम करत, सगळ्यांनी मिळून शिकायचं, हे त्याच्या मुळाशी होतं. नागपूरच्या शिक्षकानं हे कंपन्यांच्या खात्यावर टाकावं याचं मला वाईट वाटलं.

पुढची भेट जुलैत आहे, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, अजब बंगल्यात. तुम्ही रविवारचं लिहिलं म्हणून शनिवार ठरवला असं समजू नका. संग्रहालयात सावकाश फिरायला तो बरा पडतो, एवढंच कारण आहे. त्याआधी शिपाई काका शाळेच्या मैदानात सातवीच्या मुलांना खुंटी आणि दोरीनं वर्तुळ आखून दाखवणार आहेत. तो तास सरांनी त्यांना दिला आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली माझं हे उत्तर राहील. फक्त ‘कोंबून’ हा शब्द तेवढा मागे घ्या. बस बत्तीस जागांची होती आणि आम्ही तेवीस जण होतो.