बदललेला बाप

बाबांना 'डॉगव्हिल' दाखवायची अवदसा मलाच आठवली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. लार्स फॉन ट्रिअर या डॅनिश दिग्दर्शकाचा २००३चा सिनेमा. लांबी १७८ मिनिटं, आणि अमेरिकेतलं अख्खं गाव म्हणजे काळ्या जमिनीवर मारलेल्या पांढऱ्या रेघा. भिंती नाहीत, दारं नाहीत. कुत्राही खडूने काढलेला, भुंकणं तेवढं खरं.

"सेट यायचाय का अजून?" पाचव्या मिनिटाला बाबा.

"हाच सेट आहे."

"मग तो हवेत काय ढकलतोय?"

"दार."

"आणि कुरकुरलं काय?"

"तेच दार."

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. दार आलं नाही.

पण तासाभरात गंमत झाली. कुणीतरी कुजबुजायला लागलं, तर बाबाच पुटपुटले, "हळू बोला रे, पलीकडच्या घरात ऐकू जाईल." रेघांचं गाव त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. पुढे आश्रयाला आलेल्या ग्रेसवर एका घरात अत्याचार होतो आणि शेजारच्या घरांत लोक आपापली कामं करत असतात. भिंती नाहीत म्हणून आपल्याला सगळं दिसतं. गावाच्या लेखी भिंती आहेत म्हणून गावाला काही दिसत नाही. इथे मात्र बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी ग्रेसचा गुंड बाप येतो आणि तिच्या हुकमावरून गाव गोळ्या घालून जाळलं जातं, तेव्हा ते "बरं केलं!" म्हणाले, आणि लगेच ओशाळून पाणी प्यायला उठले.

तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या रात्री मी त्याचाच पुढचा भाग, 'मँडर्ले' लावला. २००५चा, १३९ मिनिटांचा, म्हणजे त्या मानाने दयाळू. जमीन या खेपेला पांढरी. बाबा रेघांना सरावले होते.

"ही कोण?"

"ग्रेस."

"ग्रेस कालची."

"काल निकोल किडमन होती. ही ब्राइस डॅलस हॉवर्ड."

"एका रात्रीत?"

गोष्ट खरोखरच कालचं गाव जळाल्यावर लगेच सुरू होते, आणि तेवढ्यात नायिका जवळजवळ १४ वर्षांनी लहान झालेली. तरी बाबांनी ते गिळलं. मग बापाच्या भूमिकेत जेम्स कानच्या जागी विलेम डफो दिसला आणि ते ताडकन उठून बसले. "मुलगी बदलली, ठीक आहे. बाप कसा बदलतो?" हा प्रश्न सिनेमाचा राहिला नव्हता, हे त्यांच्या माझ्याकडे बघण्यावरून कळलं.

त्यात लॉरेन बकॉल अवतरली. "ही दुकानवाली! मेली ना काल?"

"बाई तीच आहे, पण पात्र वेगळं. आता ती मळ्याची मालकीण."

"म्हणजे पात्र तेच तर माणूस दुसरा, आणि माणूस तोच तर पात्र दुसरं?"

"हो."

"आणि दार अजूनही नाही."

मग नायिका बदलली तेच योग्य, असं म्हणून मी अडून बसलो आणि सिद्धांत मांडला. अलाबामाच्या या मळ्यावर, गुलामगिरी संपून सुमारे ७० वर्षं झाली तरी, लोक गुलामच आहेत. ग्रेस गुंडांच्या बंदुका घेऊन त्यांना लोकशाही शिकवायला बसते. किडमनच्या ग्रेसने माणसं इतकी ओळखली होती की तिला हे सुचलंच नसतं. त्यासाठी हॉवर्डचा तो चेहराच हवा, पहिल्याच तासाला वर्ग सुधारायला निघालेल्या नव्या बाईंचा. मी हे वाद जिंकायला म्हणालो होतो, पण बोलता बोलता मलाच पटलं. कमी पडतो तो सिनेमा, हॉवर्ड नाही. पहिला आपल्याला गावकऱ्यांत नेऊन बसवतो आणि मग लाज आणतो. दुसरा समोर बसवून धडा घेतो.

"हा दिग्दर्शक अमेरिकेत किती वर्षं होता?" बाबांनी विचारलं.

"कधीच गेला नाही. विमानाला घाबरतो."

बाबांना हे फार आवडलं. न बघता ठाम मत देणाऱ्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यापासून आपुलकी आहे.

एव्हाना पडद्यावर मळ्यातली मंडळी नुकतंच शिकलेलं मतदान किती वाजले हे ठरवायला वापरत होती. बाबा खूश. "आपणही घेऊ. माझ्या मते साडेदहा."

"माझ्याही."

आतून आईचा आवाज आला, "सव्वाबारा झालेत. टीव्ही बंद करा, आणि उठलाच आहात तर खरं दार लावून घ्या."